शेपटीपासून सुरुवात

काम संपत आलं, थोडंच उरलं, की आपण म्हणतो, 'हत्ती गेला, शेपूट राहिलं.' घरी विमान बांधायला घेणाऱ्याच्या नशिबी ही म्हण उलटी येते. त्याच्याकडे आधी शेपूट येतं. एका लांबट खोक्यात, निळी फिल्म चिकटवलेल्या पत्र्यांच्या आणि खाकी कागदी पिशव्यांच्या रूपात. हत्ती मागून, सवडीने, कित्येक वर्षं येत राहतो.

अमेरिकेत ओरेगन राज्यातल्या ऑरोरा इथल्या व्हॅन्स एअरक्राफ्टचं उदाहरण घेऊ. घरी बांधून प्रत्यक्ष उडालेली त्यांची 'आरव्ही' विमानं आता ११,००० च्या वर गेली आहेत. आरव्ही ही संस्थापक रिचर्ड व्हॅनग्रन्सव्हेन यांची आद्याक्षरं. एक माणूस, दोन माणसं, चार माणसं अशा वेगवेगळ्या बसण्याची ही विमानं; पत्रा ॲल्युमिनियमचा आणि जोडणी रिव्हेटची, म्हणजे ठोकून दोन्हीकडून डोकं केलेल्या धातूच्या खिळ्यांची. किट टप्प्याटप्प्याने घेता येतं: शेपूट, मग पंख, मग धड, मग काच, चाकं वगैरे. इंजिन, पंखा आणि कॉकपिटमधली उपकरणं वेगळी. दोन माणसांची आरव्ही-१४ पूर्ण होईपर्यंत खर्च एक लाख डॉलरांच्या बराच पुढे जातो, हे आधीच सांगून टाकलेलं बरं. त्या मानाने शेपटीचा हप्ता किरकोळ.

शेपूट आधी का, याचं एक उत्तर पैशाचं आहे आणि दुसरं जास्त महत्त्वाचं. पुढे पंखात आणि धडात जे जे करावं लागणार आहे, ते जवळपास सगळं शेपटीत छोट्या मापात येऊन जातं. भोक नेमक्या मापाला नेणं, कड साफ करणं, पत्र्याला खळगी पाडणं, रिव्हेट ठोकणं, पत्रा वळवणं, मागची धार सरळ ठेवणं. आणि इथे चूक स्वस्त पडते. रडरचा, म्हणजे शेपटीवरच्या उभ्या सुकाणूचा, पत्रा बिघडला तर नवा मागवता येतो. पंखाचा मोठा पत्रा बिघडला, की पत्र्याच्या किमतीपेक्षा तो न वाकता घरी पोहोचवण्याचा खर्च डोळ्यांत पाणी आणतो.

आयटीआयमध्ये फिटरच्या ट्रेडला गेलेल्या कुणालाही विचारा. सुरुवातीला लेथ नाही, वेल्डिंग नाही. एक लोखंडाचा तुकडा, एक कानस आणि एक गुण्या. काटकोन जुळेपर्यंत घासत बसायचं. शेपटीचं किट म्हणजे तोच लोखंडाचा तुकडा आहे, फक्त शेवटी तो विमानाला लागतो.

कायद्याचं थोडक्यात. अमेरिकेत हे विमान 'एक्स्पेरिमेंटल, अमॅच्युअर-बिल्ट' या वर्गात नोंदवलं जातं. अट अशी, की विमानाचा मोठा भाग हौशी माणसांनी स्वतःच्या शिक्षणासाठी किंवा विरंगुळ्यासाठी बांधलेला असावा. बोलीभाषेत याला ५१ टक्क्यांचा नियम म्हणतात. ठरलेल्या किटची तपासणी एफएएने, म्हणजे तिथल्या सरकारी विमान वाहतूक खात्याने, आधीच करून ठेवलेली असते, त्यामुळे टक्केवारीची भांडणं उरत नाहीत. पण काम तुम्ही केलं हे दाखवावं लागतं. त्यासाठी पहिल्या दिवसापासून वही: तारीख, तास, मॅन्युअलचं पान आणि फोटो. फोटोत नुसता चकचकीत पत्रा नको, काम करणारे हात आणि अधूनमधून चेहराही दिसू दे. शेवटी विमान तपासायला येणारा माणूस ही वही चाळतो, आणि मुख्य बांधणाऱ्याला स्वतःच्या विमानाची वार्षिक तपासणी करण्याचं जे रिपेअरमन प्रमाणपत्र मिळतं, त्यालाही तीच वही उपयोगी पडते. पहिल्या आठवड्यात फोटो काढायचे राहिले आणि मग मागाहून सुटे भाग मांडून नाटकी फोटो काढले, असं बरेच जण करतात. ते लगेच ओळखू येतं.

भारतात ही वाट इतकी मळलेली नाही. मुंबईत कांदिवलीला इमारतीच्या गच्चीवर कॅप्टन अमोल यादव यांनी विमान बांधलं आणि २०१६ मध्ये वांद्रे-कुर्ला संकुलातल्या 'मेक इन इंडिया' प्रदर्शनात ते लोकांनी पाहिलं. ते किटचं विमान नव्हतं, सगळं आराखड्यापासून स्वतः केलेलं. त्यानंतर परवानग्यांना जी वर्षं गेली ती वाचली, की अमेरिकेतल्या गॅरेजमधल्या मराठी माणसाला आपल्या वहीचं ओझं हलकं वाटावं.

आता गॅरेज. दोन गाड्यांचं असेल तर उत्तम, पण शेपटीपुरतं एका गाडीचंही पुरतं. भारतातून आणलेल्या मोठ्या बॅगा, आकाशकंदिलाचं खोकं, गणपतीच्या मखराचे थर्माकोल, हे सगळं माळ्यावर जायला हवं आणि गाडी बर्फात. त्याबद्दल घरात आधी बोलून घ्यावं, किट आल्यावर नव्हे. दोन टेबलं करायची, प्रत्येकी साधारण दोन फूट रुंद आणि पाच फूट लांब, लाकडी, कमरेच्या जरा वरच्या उंचीची. अमेरिकेतल्या गॅरेजांमध्ये हे माप जवळपास ठरून गेलं आहे, कारण दोन टेबलं जोडली की लांब पत्रा मावतो, वेगळी केली की मधून फिरता येतं. टेबलाचा वरचा पृष्ठभाग सपाट हवा, हे बोलायला सोपं आहे. लेव्हल लावून, पायांखाली पाचर देऊन ते एकदा करून घेतलं नाही तर टेबलाचा पीळ पत्र्यात उतरतो. टेबलावर जुनी सतरंजी किंवा गालिच्याचा तुकडा अंथरावा आणि तो रोज झटकावा. ड्रिलचा एक बारीक कीस पत्र्याखाली राहिला तरी लांबच लांब ओरखडा येतो.

कॉम्प्रेसर घेताना टाकी किती मोठी यापेक्षा आवाज किती याकडे पाहावं. रात्री मुलं झोपल्यावर काम करायचं असतं आणि शेजाऱ्यांशी संबंध विमानापेक्षा जास्त काळ टिकवायचे असतात. हवा कोरडी हवी. नळीत पाण्याचा सापळा बसवला नाही तर रिव्हेट गन आतून गंजते आणि प्रायमर मारताना थुंकल्यासारखे थेंब उडतात. बाकी हत्यारांचा संच तयार मिळतो आणि त्यालाच काही हजार डॉलर लागतात. त्यात काटकसर करायची तर ड्रिलमध्ये करा, रिव्हेट दाबणाऱ्या स्क्वीझरमध्ये आणि डिम्पलच्या, म्हणजे पत्र्याला खळगी पाडायच्या, साच्यांत करू नका. क्लेको म्हणजे पत्रे तात्पुरते धरून ठेवणारी स्प्रिंगची खिट्टी. चंदेरी रंगाची ३/३२ इंचाच्या भोकासाठी, तांबूस १/८ इंचासाठी. चंदेरी निदान तीन-चारशे लागतात. हा आकडा ऐकून लोक हसतात आणि पहिला पत्रा चढवल्यावर आणखी शंभर मागवतात.

खोकं उघडल्यावर बांधायला बसू नये. आधी मोजणी. यादीतला प्रत्येक भाग पाहायचा, त्याचा क्रमांक जुळवायचा, खूण करायची. काही कमी असेल तर ते कळवायला मुदत असते. खाकी पिशव्यांतले रिव्हेट मोजत बसू नका, वजनाने पाहा. इथे नाव वाचायला शिकायचं. एएन४२६एडी३-३.५ असं लिहिलेलं असतं. ४२६ म्हणजे पत्र्याच्या पातळीत बसणारं चपटं डोकं, ४७० म्हणजे वर दिसणारं गोल डोकं. एडी म्हणजे मिश्रधातू; त्याची खूण रिव्हेटच्या डोक्यावर मधोमध बारीक खळगीच्या रूपात असते. पुढचा ३ म्हणजे ३/३२ इंच जाडी, ४ असेल तर ४/३२, म्हणजे १/८. शेवटचा आकडा लांबी, सोळांश इंचात. ३ आणि ३.५ मधला फरक एका मिलिमीटरपेक्षाही कमी. एका डबीत मिसळले तर आजीने मोहरी-नाचणी वेगळी करायला बसवल्यासारखी संध्याकाळ जाते. कप्प्यांचा डबा, प्रत्येक कप्प्यावर चिठ्ठी, आणि एका वेळी एकच पिशवी उघडी.

आणखी एक बारीक गोष्ट, जी सुताराच्या सवयीने चुकते: कानावरची पेन्सिल. ॲल्युमिनियमवर पेन्सिलीने खूण करायची नाही. शिशाच्या नावाखाली त्यात ग्राफाइट असतं, आणि ओलावा मिळाला की ग्राफाइट आणि ॲल्युमिनियम मिळून बारीकशी बॅटरी तयार होते. झिजतं ते ॲल्युमिनियम. मार्कर पेन वापरावं.

पहिलं काम म्हणून आरव्ही-१४ मध्ये आणि आरव्ही-१० मध्ये उभा स्टॅबिलायझर, म्हणजे शेपटीचा न हलणारा पंखा, येतो, आरव्ही-७ मध्ये आडवा. उभ्याचा सांगाडा साधा: पुढचा स्पार म्हणजे मुख्य तुळई, मागचा स्पार, त्यांना जोडणाऱ्या काही रिब म्हणजे फासळ्या, आणि वरून एकच पत्रा, पुस्तकाच्या वेष्टणासारखा पुढून वळलेला. भोकं कारखान्यातूनच पाडून येतात. आरव्ही-४, आरव्ही-६ च्या काळात आधी सगळं सरळ धरायला लाकडाचा किंवा लोखंडाचा साचा उभारावा लागे. आता भोकं जुळली म्हणजे आकार जुळला. त्यामुळे क्लेको लावून सांगाडा आणि पत्रा पहिल्याच संध्याकाळी उभा राहतो. घरचे येऊन पाहतात, फोटो पुण्याला जातो, काका विचारतात, 'म्हणजे महिन्याभरात उडणार का?'

दुसऱ्या दिवशी ते सगळं सोडायचं असतं.

नवशिक्याला सगळ्यांत जास्त गोंधळात टाकणारी गोष्ट हीच. जोडायचं, भोकं नेमक्या मापाला न्यायची, सोडायचं, प्रत्येक भोकाची आणि कडेची बर, म्हणजे खरखरीत झालर, काढायची, खळग्या पाडायच्या, प्रायमर मारायचा, आणि मग पुन्हा जोडून रिव्हेट मारायचे. विमान बांधण्यातला बहुतांश वेळ विमान सुटं असतानाच जातो. साधं किट, म्हणजे आधी अर्धवट जोडून न आणलेलं, पूर्ण करायला दीड-दोन हजार तास लागतात असं धरून चाला. त्यातले रिव्हेट ठोकण्याचे तास पाहुण्यांना दिसतात. उरलेले भोकांचे असतात.

भोकाबद्दल म्हणूनच जास्त बोलायला हवं. ३/३२ च्या रिव्हेटला ४० नंबरचं ड्रिल, १/८ ला ३० नंबरचं. साधं ड्रिल पातळ पत्र्यात गोल भोक पाडत नाही, किंचित त्रिकोणी पाडतं. त्यामुळे शेवटच्या मापाला रीमर, म्हणजे भोक नेमकं गोल करणारं हत्यार, वापरणारे लोक आहेत आणि त्यांचं म्हणणं बरोबर आहे. ड्रिल पत्र्याला काटकोनात हवं. भोकाच्या मध्यापासून पत्र्याच्या कडेपर्यंतचं अंतर रिव्हेटच्या जाडीच्या निदान दुप्पट हवं. त्याहून कमी झालं की कड फाटायला जागा मिळते.

मग बर. ड्रिल बाहेर पडताना भोकाच्या काठावर धातूची बारीक झालर राहते. ती तशीच ठेवली तर दोन पत्रे एकमेकांना बसत नाहीत, मध्ये केसाएवढी फट राहते आणि रिव्हेट त्या फटीत फुगतो. शिवाय अणकुचीदार काठापासूनच पुढे धातूच्या थकव्याची चीर सुरू होते. बर काढायचं हत्यार हातात धरून दोन-तीन हलके वेढे पुरतात. उत्साहाने दहा वेढे दिले तर भोकाचा काठ उतरता होतो. पत्रा मुळात ०.४ ते ०.८ मिलिमीटर, त्यातला काठ खाल्ला तर रिव्हेट कशाला धरणार? नखाने तपासावं. नख अडकलं नाही की थांबावं. कडांचंही तसंच: आधी कानस, मग फिरत्या घासणीचं चाक, मग हाताने. फासळ्यांना वजन कमी करायला मोठी गोल भोकं असतात, त्यांच्या आतल्या काठाला विसरणं ही इतकी सर्रास चूक आहे की तपासायला येणारे जाणकार आधी बोट तिथेच घालतात.

चपट्या डोक्याचा रिव्हेट पत्र्याच्या पातळीत बसावा म्हणून पत्र्याला १०० अंशांची खळगी पाडतात, तिला डिम्पल म्हणतात. पातळ पत्र्याला डिम्पल. जाड भागाला, साधारण १ मिलिमीटर आणि पुढे, भोकाचा काठ शंकूसारखा कोरतात. कोरायच्या हत्यारावर खोली ठरवायची कडी असते आणि तिची एक 'टिक' म्हणजे इंचाचा हजारावा भाग. डिम्पल केलेला पत्रा कोरलेल्या भागावर बसणार असेल, तर नुसत्या रिव्हेटसाठी कोराल त्यापेक्षा किंचित खोल कोरावं लागतं. त्यासाठी टाकाऊ तुकड्यावर टिक मोजत दोन-चार भोकं कोरून पाहावीत.

डिम्पलची नेहमीची दुर्घटना अशी: पत्रा मोठा, साच्याचा खालचा टोकदार भाग भोकात नीट बसलेला नाही, आणि हातोडा पडतो. शेजारी नवं भोक. दोन भोकं मिळून इंग्रजी आठचा आकडा. हे थकव्यामुळे होतं, अज्ञानामुळे क्वचितच. त्यामुळे पत्र्याच्या दोन्ही बाजूंना साच्याच्या उंचीचा आधार द्यावा, म्हणजे पत्रा लोंबत नाही. आणि दीडशेवी खळगी पाडताना जांभई आली तर दिवा मालवून घरात जावं. शिवाय मॅन्युअलमध्ये काही भोकांना 'इथे डिम्पल करू नये' असं म्हटलेलं असतं, आणि ते वाक्य पुष्कळदा पुढच्या पानावर असतं. पुढची दोन पानं वाचल्याशिवाय आजचं काम करायचं नाही हा नियम भिंतीवर लावण्यासारखा आहे.

डिम्पलच्याच संदर्भात अलीकडचा इतिहास माहीत असावा, विशेषतः कुणी अर्धवट सोडलेलं किट स्वस्तात देत असेल तेव्हा. २०२२ ते २०२३ च्या दरम्यान व्हॅन्सच्या काही भागांना भोकं पंचिंगऐवजी लेझरने पाडलेली होती. लेझर जिथून सुरू होतो आणि संपतो तिथे भोकाच्या काठावर बारीक खाच राहिली, आणि डिम्पल करताना पत्रा ताणला गेला की त्या खाचेतून चिरा जाऊ लागल्या. कंपनीने ते मान्य केलं, भाग बदलून देण्याची व्यवस्था केली. पैशाची ओढाताण वाढून डिसेंबर २०२३ मध्ये कंपनीला दिवाळखोरी कायद्याच्या संरक्षणाखाली जावं लागलं; २०२४ मध्ये ती त्यातून बाहेर पडली आणि किटचे भाव चढले. सेकंडहँड शेपूट घेताना म्हणून पहिला प्रश्न 'किती झालंय' हा नको. 'हे केव्हा पाठवलेलं किट आहे आणि भाग लेझरचे आहेत का' हा हवा. दुसरा प्रश्न वहीचा आणि फोटोंचा. आधीच्या माणसाचं कामही हौशी माणसाचंच काम म्हणून मोजता येतं, पण ते कुणी केलं याचा पुरावा हवा.

निळ्या फिल्मबद्दल दोन मतं आहेत. ती पत्र्याला ओरखड्यांपासून वाचवते, म्हणून काही जण गुळगुळीत केलेल्या टोकाचं सोल्डरिंग आयर्न फिरवून फक्त रिव्हेटच्या ओळीपुरती पट्टी काढतात आणि बाकी ठेवतात. दिसायला छान. पण काम सहा महिने लांबलं, की गोंद चिवट होतो, आणि फिल्मखाली ओलावा अडकून डागही पडतात. आतल्या बाजूची फिल्म तर लगेच काढावी. बाहेरचीही लवकर काढली तर बिघडत नाही, रंग लागणारच आहे.

प्रायमरचा विषय काढला की मिसळ पुण्याची की कोल्हापूरची, असा वाद सुरू होतो. पत्रा २०२४-टी३ मिश्रधातूचा असतो आणि त्याच्या दोन्ही अंगांना शुद्ध ॲल्युमिनियमचा पातळ थर असतो, त्याला आल्क्लॅड म्हणतात. हा थरच गंजापासून मोठं संरक्षण देतो. गेल्या शतकात कारखान्यातून आतून प्रायमर न मारता निघालेली कितीतरी लहान विमानं अजून उडत आहेत. त्यामुळे कोरड्या हवेत, हँगरमध्ये राहणाऱ्या विमानाला आतून काही न मारणं हाही निर्णयच आहे. विमान समुद्राजवळ राहणार असेल तर दोन भागांचा इपॉक्सी प्रायमर मारावा. जिथे वरचा थर कापला गेलाय, म्हणजे कापलेल्या कडा, कोरलेली भोकं, आणि जिथे दोन भाग एकमेकांवर बसतात, तिथे तर सगळीकडेच मारावा. मधला मार्ग म्हणून हे बरं. प्रायमरला वजन असतं आणि वेळही. प्रत्येक भाग घासा, धुवा, हातमोजे घालून धरा, फवारा, वाळवा. काही प्रायमरच्या हार्डनरमध्ये आयसोसायनेट असतं आणि ते फुप्फुसाला कायमचं घातक ठरू शकतं. कापडी मास्क तिथे काहीच कामाचा नाही.

आणि मग रिव्हेट. जिथे स्क्वीझर पोहोचतो तिथे स्क्वीझर. तो पानाच्या अडकित्त्यासारखा दाबतो आणि प्रत्येक रिव्हेट सारखा येतो. जिथे पोहोचत नाही तिथे दोन माणसं: एक बाहेरून गन धरणारा, एक आतून टंगस्टनचा जड ठोकळा टेकवणारा. लोकांचं लक्ष गनवाल्याकडे, पण कौशल्य ठोकळेवाल्याचं. त्याने ठोकळा काटकोनात धरला तर रिव्हेट सरळ बसतो; किंचित कलला तर रिव्हेट आडवा लवंडतो. गनच्या हवेचा दाब ३/३२ साठी साधारण ३५-४० पीएसआयपासून सुरू करून टाकाऊ पत्र्यावर ठरवावा. जास्त दाबाने पत्र्याला पोचा येतो. कमी दाबाने रिव्हेटला फार वेळ ठोकावं लागतं, तो कडक होत जातो आणि पुरता फुगत नाही. बोलायचे शब्द आधी ठरवावेत. 'तयार', 'मार', 'थांब', एवढे तीन पुरतात. आतल्याने 'तयार' म्हटल्याशिवाय बाहेरच्याने ट्रिगरला बोट लावायचं नाही. आतला बहुधा घरातलाच असतो, आणि पुढची दोन हजार तासांची सोबत त्याच्या किंवा तिच्या मर्जीवर आहे, हे गनवाल्याने आवाज चढवण्याआधी आठवावं.

मापं सोपी. मागच्या बाजूला रिव्हेटचं जे नवं डोकं तयार होतं, त्याची रुंदी मूळ जाडीच्या दीडपट आणि उंची निम्मी. म्हणजे ३/३२ साठी रुंदी ३.६ मिलिमीटर आणि उंची १.२, १/८ साठी ४.८ आणि १.६. यासाठी भोकं पाडलेली छोटी पट्टी मिळते, ती रिव्हेटवर ठेवून पाहायची.

माझ्या मते शेपटीत शिकायची सगळ्यांत अवघड गोष्ट याच्या पुढे आहे. पट्टी लावल्यावर एखादा रिव्हेट जरा जास्त दबलेला दिसतो, एखादा अर्ध्या केसाने कलता. नवशिक्याचा हात लगेच ड्रिलकडे जातो. काढू आणि नवा घालू. चांगल्या मनाने सुरू झालेल्या या कामात जितके पत्रे बिघडतात, तितके गन घसरून क्वचितच बिघडत असतील. कारण रिव्हेट काढताना ड्रिल जरा तिरकं गेलं तर मूळचं गोल भोक लांबट होतं, आणि त्यात घातलेला नवा रिव्हेट आधीच्यापेक्षा वाईट बसतो. मग तो काढायचा, मग भोक आणखी मोठं. विमानउद्योगातली मानकं थोडा कल आणि थोडा जास्तीचा दाब खपवून घेतात. ती वाचली तर पुष्कळ रिव्हेट आपोआप निर्दोष सुटतात. आपल्याकडे 'चालतंय की' हा शब्द बदनाम आहे, आणि बर काढताना तो बदनामच राहावा. पण रिव्हेटच्या बाबतीत कधीकधी तोच शब्द पूर्ण माहितीनिशी, पट्टी लावून, मानक वाचून म्हणता यायला हवा.

काढायचाच असेल, म्हणजे डोकं पत्र्यावर टेकलेलं नाही, किंवा दोन पत्र्यांच्या मध्ये फुगलाय, तर असा काढावा. डोक्यावरच्या त्या मधल्या खळगीत रिव्हेटच्याच मापाचं किंवा एक नंबर बारीक ड्रिल ठेवायचं. डोक्याच्या जाडीइतकंच खोल जायचं, त्यापुढे अजिबात नाही. मग पंच घालून डोकं हलकेच मोडायचं. उरलेला दांडा मागून आधार देऊन पातळ पंचने बाहेर ढकलायचा. आधार न देता ठोकलं तर फासळीची कड वाकते. एवढं करूनही भोक मोठं झालं तर १/८ इंचाचा दांडा पण ३/३२ चं डोकं असलेला रिव्हेट मिळतो. त्याचं नावच 'उप्स रिव्हेट'. अशी एक डबी जवळ असावी आणि ती लवकर संपू नये. गन घसरून पत्र्यावर उमटणारी चंद्रकोर मात्र कुठल्याच डबीने जात नाही. नखाला लागेल इतकी खोल नसेल तर हलकेच पॉलिश करून पुढे जावं.

रडरला पोहोचलात की दोन नवे विषय. एक म्हणजे पुढची कड: पत्र्याच्या दोन्ही कडा पाइपला चिकटपट्टीने लावून वळवायच्या आणि एकमेकांवर आणून पॉप रिव्हेटने, म्हणजे एकाच बाजूने बसणाऱ्या रिव्हेटने, धरायच्या. एकदम घट्ट वळवला तर पत्र्याला कड पडते. हळूहळू, थोडं जास्त वळवून सोडून, असं करत यावं. दुसरा विषय मागची धार. दोन पत्र्यांच्या मध्ये पाचरीच्या आकाराची ॲल्युमिनियमची पट्टी, आणि दोन्हीकडून चपटे रिव्हेट. ही धार धनुष्यासारखी वाकली तर विमान पुढे हवेत एका बाजूला ओढ घेतं आणि ती ओढ पायाला जाणवत राहते. म्हणून आधी पट्टी सीलंटने किंवा दुहेरी चिकटपट्टीने चिकटवून सरळ अँगलला भरपूर क्लेकोंनी बांधतात आणि सीलंट पुरता सुकेपर्यंत, म्हणजे दिवसच्या दिवस, हात लावत नाहीत. नंतर रिव्हेट एका टोकाकडून ओळीने मारायचे नाहीत. मध्ये एक, मग टोकाला, मग मधल्या जागा, दहा-दहाच्या अंतराने, आणि पहिल्या फेरीत अर्धेच दाबायचे. बायका चादर सरकू नये म्हणून आधी टाचून घेतात, तसं. आत पत्रा ताठ ठेवणाऱ्या पट्ट्यांची टोकं जिथे धारेजवळ येतात तिथे सिलिकॉनचा एकेक थेंब ठेवायला विसरू नये. पातळ पत्रा तिथे थरथरतो आणि चिरा तिथूनच सुरू होतात.

पत्रा कायमचा बंद करण्याआधी बाहेरच्या डोळ्यांनी पाहायला हवं. विस्कॉन्सिनमधल्या ऑशकॉशची ईएए ही संस्था १९५३ पासून हौशी बांधणाऱ्यांची आहे, आणि तिचे टेक्निकल कौन्सेलर म्हणजे अनुभवी स्वयंसेवक गॅरेजमध्ये येऊन काम पाहतात, पैसे घेत नाहीत. ते सरकारी तपासनीस नाहीत, म्हणून त्यांच्यापासून चूक लपवण्यात काही अर्थ नाही. त्यांना चहा द्यावा आणि सगळ्यांत वाईट रिव्हेट आपणहून दाखवावा. उभ्या स्टॅबिलायझरचा सांगाडा उघडा असताना त्यांना एकदा बोलवावं; आडवा आणि एलिव्हेटर, म्हणजे त्याचा मागचा हलणारा भाग, होईपर्यंत थांबलं तर एकच चूक चार ठिकाणी झालेली सापडते.

रोज तासभर काम करणारे पोहोचतात आणि शनिवार-रविवारची वाट पाहणारे मागे पडतात, असं चित्र दिसतं. त्याचं कारण शिस्तीपेक्षा स्मरण आहे. आठ दिवसांनी टेबलाजवळ गेल्यावर कुठल्या भोकाची बर काढली होती आणि कुठल्याची नाही, हे शोधण्यातच अर्धा तास जातो. काम थांबवताना म्हणून भागावर चिकटपट्टी लावून 'इथपर्यंत' असं लिहून ठेवावं.

पूर्ण झालेलं रडर आणि स्टॅबिलायझर गॅरेजमध्ये उभे ठेवू नयेत; एक सायकल पडली की संपलं. रगात गुंडाळून पाहुण्यांच्या खोलीत पलंगामागे, किंवा छताला रुंद पट्ट्यांनी आडवे टांगून. पंखांचं किट मागवलं की यायला महिने लागतात, त्यामुळे ऑर्डर एलिव्हेटरच्या मध्यावर असतानाच द्यावी. फायबरग्लासची टोकं राहिलेली असतील, ती आत्ता करायची गरज नाही. एका खोक्यात घालावीत, सोबत त्यांचे स्क्रू वेगळ्या पिशवीत, आणि खोक्यावर मार्करने मोठ्या अक्षरांत लिहावं: 'शेपटीची टोकं, पान अमुक'. ते खोकं कित्येक वर्षांनी उघडलं जाईल, तेव्हा स्क्रू कशाचे हे कुणालाच आठवत नसतं.